निळ्या काठाची कपबशी

रविवार, हंगामाच्या सणाचा. उपासना सकाळी साडेनऊ. हजर: पाळकसाहेब; वडीलमंडळातले चौघे, त्यांत चहाचं खातं सांभाळणारे सुभेदार काका; पुरुष एकतीस, स्त्रिया त्रेचाळीस, मुलं सतरा; मोठ्या बाई, नेहमीच्या पहिल्या बाकावर; मी, म्हणजे मंडळीची चिटणीस, दाराजवळ वही घेऊन. पाहुणे: एक.

ही नोंद गेल्या वर्षीच्या वहीतली, जशीच्या तशी. शाळेच्या कचेरीत पंचवीस वर्षं हजेरीपत्रकं सांभाळतेय, त्यामुळे वहीत लिहिल्याशिवाय माणूस आला असं मला वाटतच नाही. घरी फ्रिजवरही यादी असते. गिरण, गॅस, आत्याच्या गोळ्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, नव्वदीची, औंधच्या बाजूच्या एका खेड्यात मुलाकडे राहते. दर महिन्याला तिच्या गोळ्या मी पोचवते.

आमचं गाव कृष्णाकाठचं, साताऱ्याची हद्द संपून सांगलीची सुरू होते तिथलं. चर्चला आम्ही देऊळ म्हणतो, धर्मगुरूंना पाळकसाहेब, कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांना वडीलमंडळ आणि देवळात जमणाऱ्या सगळ्यांना मिळून मंडळी. मंडळी लहान आहे. कोणाच्या घरी काय शिजलं हे एकमेकांना कळतं, म्हणून कोणी उपाशी राहत नाही आणि कोणाचं काही लपतही नाही. माझ्या वहीला चार पानं: हजेरी, पाहुणे, आजारी आणि पाळ्या. आजाऱ्यांच्या पानावर नाव चढलं की पाळ्यांच्या पानावर सात बायकांची नावं चढतात, वाराला एक. डबा, औषध, डॉक्टरकडे नेणं. हे काम आमची मंडळी चांगलं करते आणि ते मी अभिमानानं सांगायचे. पाहुण्यांचं पान तर माझं विशेष आवडतं होतं.

त्या रविवारी वेदीसमोर ऊस, ज्वारीची कणसं, भोपळे, कोणी आणलेली एक कोंबडी असा पसारा होता. ती पाहुणी मागच्या बाकावर टोकाला बसली. तिशीची, काटक, डोक्यावरून पदर. नवरा साखर कारखान्यावर वेल्डर म्हणून नुकताच लागला होता, त्याची पाळी होती म्हणून एकटीच आलेली. जतच्या बाजूच्या दुष्काळी भागातलं गाव. तिथं देऊळ नव्हतं, एका घराच्या ओसरीत वीसबावीस माणसं जमायची. उपासना संपताना पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे म्हटलं, "पाहुण्यांनी उभं राहावं." आमच्याकडे रीत अशी की नव्या माणसानं उभं राहून आपल्या मंडळीचा सलाम सांगायचा आणि सगळ्यांनी मिळून तो घ्यायचा. ती उभी राहिली. "आमच्या लोकांचा तुमास्नी सलाम," म्हणाली. सगळे "सलाम" म्हणाले. मी वहीत लिहिलं.

मग चहा. चहा स्टीलच्या ग्लासांतून असतो. प्यायचा, मागच्या नळावर आपला ग्लास आपण विसळायचा आणि पाटीत पालथा घालायचा. पाळकसाहेबही विसळतात. पाहुण्याला मात्र कपबशी. पांढरी, निळ्या काठाची. कोणाच्या तरी लग्नानंतर मंडळीला सहाचा सेट मिळाला होता, त्यातली एकच जोडी शाबूत आहे. ती कपाटात वरच्या फळीवर, रुमालात गुंडाळलेली असते. सुभेदार काका ती स्वतः काढायचे, स्वतः धुवायचे आणि दोन्ही हातांनी पाहुण्यापुढे धरायचे. पाहुणा कप घेऊन नळाकडे निघाला तर वाटेत अडवून हातातून काढून घ्यायचे. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. तिनं दोन घोटांत चहा संपवला आणि ती कप धुवायला वळली. काकांनी तो घेतलाच.

"ऱ्हाऊ द्या, धुते की," ती म्हणाली.

"पाहुण्यांनी धुवायचं नसतं," काका म्हणाले.

इथून पुढे चूक माझी आहे, आणि ती मी नीटनेटकेपणानं केली.

आमचा नियम असा की दुसऱ्या मंडळीतून आलेल्या माणसानं तिथला दाखला आणायचा. दाखला आला की रजिस्टरात नाव, तोपर्यंत पाहुण्यांच्या पानावर. मी तिच्या गावच्या पत्त्यावर पत्र घातलं. उत्तर नाही. दुसरं घातलं, तिसरं घातलं. मग कळलं की ती ओसरीतली मंडळी चालवणारे म्हातारे गृहस्थ विजापूरकडे मुलाकडे राहायला गेले आणि त्यांची वही कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. दाखला येणार कुठून? मी वहीत "दाखला: बाकी" असं लिहून पुढच्या कामाला लागले. दर रविवारी पाहुण्यांच्या नावांची चिठ्ठी पाळकसाहेबांना द्यायची असते. ती दिली. दर रविवारी त्या चिठ्ठीवर तिचं नाव होतं. दर रविवारी ती उभी राहिली, सलाम सांगितला, कपबशीतून चहा प्यायली.

एकदा, चौथ्या का पाचव्या महिन्यात, ती उभी राहून म्हणाली, "त्याच लोकांचा, परत सलाम." सगळे हसले. तीही हसली. मीही हसले, आणि चिठ्ठी पुढच्या रविवारीही दिली.

होळी होऊन गेली आणि मोठ्या बाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बाई पाचगणीच्या एका शाळेत चाळीस वर्षं शिकवत होत्या, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर आमच्या गावात एकट्याच राहतात. शस्त्रक्रिया झाली, घरी आल्या, चाकाच्या खुर्चीत बसल्या. मी त्याच संध्याकाळी सात नावांची पाळी लावली. दुसऱ्या रविवारी ती माझ्यापाशी आली.

"ताई, मला बी एक वार द्या. मी दुपारची मोकळी असती."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्ही पाहुण्या." माझ्या आवाजात माया होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. महिन्याभरानं तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात ती सलग दोन रविवार दिसली नाही. दोन गैरहजेऱ्या झाल्या की घरभेट, हा माझा नियम. शनिवारी दुपारी मी निघाले. यादीत तिचं घर चौथं होतं. कारखान्याच्या मागे भाड्याची एक खोली, दारात तुळस नाही पण झेंडूच्या दोन कुंड्या. नवरा रात्रपाळी करून आतल्या बाजूला पांघरूण घेऊन झोपलेला. मी बसले तशी तिनं लगबगीनं गॅस पेटवला.

"चहा नको हं," मी म्हटलं. "चौथं घर आहे आज. सगळीकडे घेतला की पित्त उसळतं."

तिनं गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "व्हय. वाटलंच मला."

"काय वाटलं?"

"तुमी न्हाई घ्यायच्या."

मी त्याकडे फार लक्ष दिलं नाही. वही उघडली. "दोन रविवार आला नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय झालंय. आमी आता येत न्हाई, ताई. घरीच प्रार्थना करू. ह्यास्नी बी तसंच वाटतंय."

मी पेनाचं टोपण काढलं. कारण विचारायचं आणि लिहून घ्यायचं ही सवय.

"लिवू नगा," ती म्हणाली. मग जमिनीवर माझ्यासमोर बसली. "मला एक सांगा. त्यो कप माजाच हाय का?"

"कुठला कप?"

"निळ्या काठाचा. सगळ्यांस्नी ग्लास, मला कप. कपाटात येगळा ठिवलेला. अकरा महिनं झालं."

मला हसू आलं. "अहो, तो तर पाहुण्यांचा. मानाचा."

ती हसली नाही. "आमच्या आज्याचा बी कप येगळा हुता. गावातल्या हाटेलाच्या भाईर, खिळ्याला अडकवल्याला. आज्यानं जायचं, त्यो काढायचा, वरनं वतलेला च्या प्यायचा, धुवायचा, परत खिळ्याला लावायचा. आज्या आमास्नी हसत हसत सांगायचा." तिनं बंद गॅसकडे पाहिलं. "त्याला निदान धुवू तरी देत हुते."

मी पेन खाली ठेवलं.

"आन मग बाईंच्या डब्याचं इचारलं. तुमी म्हनला नगं. माज्या हातचं चालत न्हाई, आसं म्हनला न्हाई. पर एकदा नगं म्हनला, दोनदा नगं म्हनला. आन आज च्या बी नगं. मग मानसानं समजायचं काय?"

पांघरुणाखाली नवरा हलला, पण उठला नाही. तो जागा असावा.

मला तिला पुष्कळ सांगता आलं असतं. की आमच्या मंडळीतली निम्म्याहून जास्त घरं गावाबाहेरच्या त्याच वस्त्यांतून आलेली आहेत. की माझंही घर त्यांतलंच. माझे आजोबा मंडळीत आले, वडील मिशनच्या शाळेत शिकले, मी कचेरीत लागले, आणि तीन पिढ्यांत आम्ही इतके धुतलेपुसलेले झालो की आमच्याकडे बघून कोणाला काही कळत नाही. तिलाही कळलं नव्हतं. वेगळ्या कपाचा अर्थ ज्यांना सगळ्यांत आधी कळायला हवा होता, ते आम्ही. आणि आम्हीच तो रुमालात गुंडाळून ठेवत होतो.

मी एवढंच म्हटलं, "गॅस लाव."

तिनं पाहिलं. आतापर्यंत मी तिला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

"लाव गं. पित्ताचं बघू."

चहा गोड होता, आलं ठेचून घातलेला. मी तो संपवला, मोरीवर जाऊन कप विसळला आणि पालथा घातला. ती आडवी आली नाही. निघताना मी विचारलं, उद्या येशील का. "येईन म्हनत न्हाई," ती म्हणाली. "बघती."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. उपासनेनंतर मी वडीलमंडळाला थांबवून घेतलं आणि झालेलं सगळं सांगितलं, माझ्या तीन नकारांसकट. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. सुभेदार काका हातातली कपाटाची किल्ली उलटसुलट करत राहिले.

"मी दोन्ही हातांनी देत होतो," ते म्हणाले.

"हो काका. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

"फौजेत नवा जवान आला की पहिल्याच दिवशी त्याला लंगरमध्ये भांड्यांना लावतात. भांडी घासली की तो पलटणीचा झाला. आणि मी तिला अकरा महिने कर्नलसाहेबासारखं वागवलं." त्यांनी किल्ली खिशात टाकली. "ते पाहुण्यांचं पान बंद करा, ताई."

"दाखला आलेला नाही," मी म्हटलं. हे मीच म्हटलं, त्या सगळ्यानंतरसुद्धा. "रजिस्टरात कुठून आली हा रकाना आहे. तो रिकामा राहील."

"राहू दे," पाळकसाहेब म्हणाले. "मंडळीसमोर ती आपला विश्वास कबूल करील, दोन सभासद साक्ष देतील. तिची इच्छा असली तर."

"साक्षीला एक मी," काका म्हणाले. "पण आधी ती यायला पाहिजे."

खरी अडचण तीच होती. बोलावणं करायला गेलो असतो तर ते पुन्हा पाहुण्याला केलेलं बोलावणं झालं असतं. मी घरी येऊन पाळ्यांचं पान समोर घेतलं. सातही वार भरलेले. गुरुवारवाल्या बाईंना फोन करून म्हटलं, तुमचा वार हलवते. त्यांनी कारण विचारलं, ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला मंगळवारी जोडीनं लावा." मग तिला फोन केला.

"गुरुवार रिकामा आहे. करतेस का?"

"कोन सोडून गेलं?"

"कोणी नाही. मी रिकामा केलाय."

मागे कारखान्याचा भोंगा झाला. मग तिनं विचारलं, "बाईंना काय चालतंय?"

"सगळं चालतं. पण सगळ्या जणी मुगाची खिचडीच देतात."

"सात महिनं?"

"सात महिने."

"मग मी न्हाई देनार खिचडी," ती म्हणाली.

गुरुवारी मी कचेरीतून परस्पर बाईंकडे गेले. मुद्दाम गेले, हे कबूल करते. ती जमिनीवर बसून डबा उघडत होती. हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ, तिखट पेज. तिच्या भागात दुष्काळात हेच प्यायचे, असं ती बाईंना सांगत होती. बाईंनी पहिला घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झालं का?" तिनं विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "कमी करू नकोस. आजारी मी आहे, माझी जीभ नाही." मग माझ्याकडे वळून, वर्गात बोलायच्या त्या आवाजात, "चिटणीसबाई, हे इतके दिवस कुठे ठेवलं होतंत?"

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "पाहुण्यांच्या पानावर." बाईंना काही कळलं नाही. तिला कळलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित काहीतरी हललं आणि ती भाकरी मोडायला लागली.

पुढच्या रविवारी ती नवऱ्याला घेऊन आली. उपासना चालू असताना माझी चिठ्ठी कोरी होती. पाळकसाहेबांनी सवयीनं म्हटलं, "पाहुण्यांनी उभं राहावं." तीही सवयीनं अर्धी उठली. पदर सावरला, इकडेतिकडे बघितलं आणि परत बसली. त्या दिवशी कोणीच उभं राहिलं नाही, आणि मागून सुभेदार काका मोठ्यानं म्हणाले, "पुढे चला, साहेब."

चहाच्या वेळी काकांनी तिला ग्लास दिला. एका हातानं. दुसऱ्या हातात त्यांची किटली होती. तिनं चहा प्यायला, नळावर ग्लास विसळला, आणि काकांनी तिकडूनच हाक मारली, "आवं, निघालात कुठं? आज हात कमी आहेत. सगळे ग्लास साबणानं घासायचेत."

"सगळे?"

"सत्तर."

"बाई गं," ती म्हणाली आणि बाह्या सारल्या. दहा मिनिटांनी काका पाहणीला गेले. एक ग्लास उन्हाकडे धरून बघितला आणि परत तिच्यापुढे ठेवला. "ह्याला साबण राहिलाय."

"सुबेदारकाका, तुमचा चष्मा आदी धुवा," ती म्हणाली.

मी पंचवीस वर्षं काकांना ओळखते. त्यांना असं बोलणारं कोणी मी पाहिलं नव्हतं. काकांनी चष्मा काढला, नळाखाली धरला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. ग्लास पुन्हा उन्हाकडे धरला. "साबणच आहे," म्हणाले. तिनं तो पुन्हा घासला.

महिन्याभरात दोघांची नावं रजिस्टरात आली. साक्षीला सुभेदार काका आणि मोठ्या बाई, चाकाच्या खुर्चीतून. "कुठून आली" या रकान्यात काही नाही, आणि तो रिकामा दिसला तरी आता माझा हात शिवशिवत नाही. ऊसतोडीसाठी बाहेरून आलेली दोन कुटुंबं हल्ली कधीमधी देवळात येतात. त्यांना पहिल्या रविवारी सलाम सांगायला उभं करतो आणि ग्लासातून चहा देतो. दुसऱ्या रविवारी तीच त्यांना नळ दाखवते. नियम तिनं केला, वहीत मी लिहिला.

कपबशी माझ्या घरी आहे. काकांनी ती रुमालासकट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, हिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. ती फोडायची नाही, एवढं मी ठरवलं आहे. बाकीचं एका माणसाला विचारल्याशिवाय ठरणार नाही, म्हणून फ्रिजवरच्या यादीत एक ओळ लिहिली: आत्याला विचारणे, आपल्या घरचा कप कुठे असायचा.

आमच्या घरात हे कधीच बोललं गेलं नाही. आजोबा मंडळीत आले इथपासून आमची गोष्ट सुरू होते. त्याआधीचं सांगू शकेल अशी आता आत्याच उरली आहे. त्यानंतर दोनदा तिच्या गोळ्या पोचवल्या. दोन्ही वेळा तिच्या सुनेनं चहा दिला, मी घेतला, पित्ताचं नाव काढलं नाही. आत्याला रक्तदाबाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, कान नीट ऐकतात का ते पाहिलं. ऐकतात. गोळ्यांवर खूण केली. ती कपाची ओळ मात्र दोन्ही वेळा तशीच घरी परत आणली. या महिन्याच्या यादीतही ती आहे, गिरणीच्या खाली, गोळ्यांच्या वर.